लेकराला घेऊन दुसऱ्या गावी जाताना : आधी बापाच्या भेटीचं ठरवा, मग सामान बांधा

नवऱ्यापासून वेगळी राहणारी बाई लेकराला घेऊन दारव्ह्याहून नागपूरला, धारणीहून अमरावतीला किंवा थेट पुण्याला जायचं म्हणते, तेव्हा तिला दोन टोकांचे सल्ले मिळतात. कोणी म्हणतं, "लेकरू तुझं आहे, कोणाला काय विचारायचं? निघ." दुसरं कोणी म्हणतं, "बापाची सही नसताना गेलीस तर पोलीस केस होईल." दोन्ही सल्ल्यांनी नुकसानच होतं. कामासाठी किंवा माहेरच्या आधारासाठी गाव बदलायला कायदा आईला अडवत नाही. पण बाप-लेकराची भेट तुटेल अशा रीतीने गुपचूप गेलेली आई पुढे कोर्टात कमजोर पडते. भेटीचं वेळापत्रक स्वतः तयार करून गेलेल्या आईचं म्हणणं न्यायाधीश वेगळ्या कानाने ऐकतात. म्हणून सुरुवात कागदापासून करायची.

आपली बाजू आधी ओळखा

पहिला प्रश्न : ताब्याबद्दल किंवा भेटीबद्दल कोर्टाचा काही आदेश आहे का?

आदेश नसेल आणि कोणतीही केस चालू नसेल, तर गाव बदलण्यासाठी बापाची लेखी परवानगी लागेल असं कायद्यात कुठेही नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ च्या कलम ६ मध्ये बाप आणि 'त्याच्यानंतर' आई असं लिहिलेलं आहे. पण १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन प्रकरणात या 'नंतर'चा अर्थ लावताना आईलाही पालक म्हणून उभं केलं. बापाने लक्ष दिलं नाही, जबाबदारी घेतली नाही, तरी आई पालक ठरू शकते. पाच वर्षांच्या आतलं लेकरू साधारणपणे आईकडेच राहावं, असं त्याच कलमात आहे. लग्नाबाहेर जन्मलेल्या लेकराची पहिली पालक तर आईच. आणि कलम १३ सगळ्यांवर भारी : लेकराचं हित सर्वात आधी.

याची दुसरी बाजूही समजून घ्या. आदेश नसताना बापाने लेकरू आईकडून नेलं तर तो अपहरणाचा गुन्हा होत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये अमरावतीच्या एका प्रकरणात दिला. म्हणजे आदेश नाही तोवर पोलीस ठाण्यात दोघांचंही फारसं चालत नाही. बाप लेकरू घेऊन जाईल अशी भीती असेल तर सामान हलवण्याआधी तात्पुरत्या ताब्याचा आदेश घ्या.

आदेश असेल तर त्याची प्रमाणित नक्कल काढा. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज द्यावा लागतो. वकिलाने तोंडी सांगितलेल्यावर राहू नका. त्यात "न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाला बाहेर नेऊ नये" किंवा "दर दुसऱ्या रविवारी अमुक ठिकाणी भेट" असं वाक्य आहे का ते शोधा. आपसी संमतीच्या घटस्फोटात या अटी दोघांच्या सहीच्या पानांवर असतात आणि सही करताना कोणी त्या धड वाचलेल्या नसतात. असं वाक्य असेल, तर परवानगी घेतल्याशिवाय जायचंच नाही. पालक आणि पाल्य कायदा १८९० खाली कोर्टाने तुम्हाला पालक नेमलं असेल, तर कलम २६ प्रमाणे कोर्टाच्या हद्दीबाहेर लेकरू नेण्यासाठी परवानगी लागते. हद्द म्हणजे जिल्हा. यवतमाळहून वर्ध्याला जाणंही त्यात येतं. कोर्टाचा अधिकार चुकवायला म्हणून तसं नेलं, तर कलम ४४ मध्ये एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद आहे.

आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी पंचांसमोर स्टॅम्प पेपरवर फारकत होते आणि त्यातच "मुलगी आईकडे, मुलगा बापाकडे" असं लिहून टाकतात. समाजातली रूढी सिद्ध झाली तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ प्रमाणे अशी फारकत टिकू शकते. मात्र लेकराचा ताबा पंच ठरवू शकत नाहीत. तो कागद कोर्टाला बांधील नसतो, फार तर पुरावा म्हणून पाहिला जातो. त्यातली 'गाव सोडायचं नाही' ही अट वाचून घाबरून बसू नका. पण त्याच कागदाच्या भरवशावर निघूही नका.

कोणता कायदा लागतो तेही पाहा. बौद्ध, जैन, शीख कुटुंबांना हिंदू कायदाच लागतो. गोंड, कोलाम, कोरकू अशा अनुसूचित जमातींना १९५६ चा कायदा लागू नाही. त्यांनी १८९० च्या कायद्याखाली अर्ज करायचा. मुस्लिम आईसाठी वैयक्तिक कायद्यातला हिजानतचा (लहान लेकराला जवळ ठेवण्याचा) हक्क आहे, तरी अर्ज १८९० च्याच कायद्याने आणि कसोटी लेकराच्या हिताचीच.

मारहाण होत असेल तर रस्ता वेगळा

तिथे खाली दिलेलं पत्र पाठवू नका आणि नवा पत्ता कळवू नका. आधी सुरक्षित जागी जा. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ च्या कलम २७ प्रमाणे तुम्ही तात्पुरत्या जिथे राहता तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो. कलम २१ खाली लेकराचा तात्पुरता ताबा मिळतो. भेटीने लेकराला धोका असेल तर त्याच कलमाने भेट नाकारताही येते. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत होतो. १८१, ११२ आणि लेकरासाठी १०९८ हे नंबर पाठ ठेवा. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर आणि पोलिसांचा भरोसा सेल असतो. डॉक्टरी कागद, एनसीची (अदखलपात्र तक्रारीची) प्रत आणि फोटो एका पिशवीत घालून माहेरी नाही, तर तिसऱ्याच विश्वासू माणसाकडे ठेवा. शोधत आलेला नवरा सगळ्यात आधी माहेरीच येतो.

जूनला जायचं तर तयारी जानेवारीत

बहुतेक जणी शाळेच्या नव्या वर्षाआधी जायचं ठरवतात. ते बरोबरच आहे. पण मे महिन्यात कोर्टाला उन्हाळी सुटी असते आणि एप्रिलच्या तारखा भरलेल्या असतात. अर्ज दिला, समन्स गेलं, बापाने उत्तराला वेळ मागितला, समुपदेशन झालं, असं करत तीन-चार महिने सहज जातात. म्हणून अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत पडला पाहिजे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा : उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी-शेवटी उघडतात, पुण्याकडच्या जूनच्या मध्यावर. जुन्या वेळापत्रकात "शाळा उघडण्याच्या दोन दिवस आधीपर्यंत बापाकडे" असं असेल, तर आता कोणती शाळा, ते लिहून घ्या. या एका ओळीवरून भांडणं होतात.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे कोणत्याही बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण. फोन १५१००.

बापाला पत्र

किती दिवस आधी कळवायचं, याचा आकडा कायद्यात नाही. सहा ते आठ आठवडे आधी कळवलं, तर "अचानक नेलं" असं कोणी म्हणू शकत नाही. रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात मिसळलं आहे, तेव्हा स्पीड पोस्टाने पोच मागून पाठवा, पावती जपा आणि त्याच पत्राचा फोटो व्हॉट्सअॅपवरही टाका. मजकूर एवढाच असावा :

"मला नागपूर येथे ____ या ठिकाणी दि. ____ पासून काम मिळाले आहे. त्यामुळे मी ____ (मुलीचे नाव, वय ८) हिच्यासह दि. ____ रोजी तिथे राहायला जात आहे. तिचा इयत्ता तिसरीचा प्रवेश ____ शाळेत घ्यायचे ठरवले आहे. तुमची आणि तिची भेट सुरू राहावी म्हणून सोबत वेळापत्रक जोडले आहे. त्यात काही बदल हवा असल्यास दि. ____ पर्यंत लेखी कळवावे."

केस चालू असेल किंवा आदेश असेल, तर 'जात आहे'च्या जागी 'जाण्याचा विचार असून त्यासाठी न्यायालयात अर्ज करीत आहे' असं लिहा. जुनी उणीदुणी, सासूचं वागणं, थकलेली पोटगी यातलं काहीही या पत्रात नको. हे पत्र एक दिवस न्यायाधीशांच्या टेबलावर येणार आहे हे मनात ठेवून लिहा. त्याचं उत्तर आलं नाही तर तेही तुमच्या बाजूचं. उत्तर होकाराचं आलं, तर दोघांच्या सहीने ते वेळापत्रक कोर्टात दाखल करून आदेशात घालून घ्या. नुसता व्हॉट्सअॅपवरचा 'ठीक आहे' चार महिन्यांनी फिरतो.

कोर्टातला अर्ज

घटस्फोटाची केस जिथे चालू आहे किंवा निकाली निघाली, तिथेच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली अर्ज करायचा. नागपूर, अमरावती, अकोल्यासारख्या ठिकाणी कौटुंबिक न्यायालय आहे. जिथे ते नाही तिथे त्या-त्या दिवाणी किंवा जिल्हा न्यायालयात. ताब्याचा आदेश कधीच कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की बदलून मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाने हे अनेकदा सांगितलं आहे. २०१० च्या विक्रम वीर व्होरा प्रकरणात आईला मुलासह ऑस्ट्रेलियाला जाऊ दिलं, तेही याच आधारावर. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुण्यातल्या एका आईला नोकरीसाठी मुलीसह पोलंडला जायची परवानगी दिली. परदेशाला परवानगी मिळते, तर हिंगणघाटहून पुण्याला का नाही, हा मुद्दा तुमच्या वकिलाने मांडायलाच हवा.

पण निकालाचे दाखले शेवटी, आधी कागद. नेमणूक पत्र किंवा कामाचं पत्र, भाडे करार, नव्या शाळेचं प्रवेश मिळेल असं पत्र, कामाच्या वेळेत लेकराला कोण पाहणार त्या व्यक्तीचं प्रतिज्ञापत्र, आणि भेटीचं वेळापत्रक. चौथा कागद सगळ्या जणी विसरतात आणि समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो : "बाई आठ तास कामावर, मग पोरगं कोणाजवळ?" आजी सोबत येणार असेल तर तिचं नाव, वय, तब्येत लिहा. पाळणाघर असेल तर त्याची वेळ आणि फी लिहा.

समजत्या वयाच्या लेकराशी न्यायाधीश चेंबरमध्ये एकट्याने बोलू शकतात. त्याला पढवून नेऊ नका. पढवलेलं लेकरू तीन वाक्यांत ओळखू येतं आणि मग त्याचं खरं म्हणणंही संशयात जातं.

वेळापत्रक : इथेच सगळा जीव आहे

"बाप पाहिजे तेव्हा भेटू शकेल" असं लिहिणं म्हणजे भांडणाला तारीख न देता आमंत्रण. ठिकाण, वार, तास आणि आणणारा माणूस, चारही लिहा.

यवतमाळ-नागपूर दीडशे किलोमीटर आहे. एवढ्या अंतरात महिन्यातले दोन शनिवार-रविवार जमतात. पुणे सहाशे किलोमीटरच्या वर, एका बाजूची एक रात्र. तिथे पंधरवड्याची भेट कागदावरच राहते. त्याऐवजी महिन्यातून एकदा बापाने नव्या गावी येऊन दोन दिवस भेटायचं, दिवाळीची आणि उन्हाळ्याची निम्मी-निम्मी सुटी बापाकडे, आणि रोजचा फोन, असं बसवा. तीन वर्षांच्या आतल्या लेकराला मात्र पहिल्या काही भेटींत रात्री मुक्कामाला पाठवू नका. दोन-तीन तासांपासून सुरुवात करा, आजी किंवा मामा जवळ असू द्या, मग वेळ वाढवा.

बाप शेतकरी असेल तर शेताचं कॅलेंडर समोर ठेवूनच तारखा मांडा. मृगात पेरणी, दसऱ्याच्या आगे-मागे सोयाबीनची सोंगणी, दिवाळीपासून कापसाची वेचणी. या दिवसांत त्याला पुण्याला बोलावलं तर तो येणार नाही. मग "येतच नाही" अशी नोंद होईल, आणि ती खरी असूनही न्यायाची नसेल. या महिन्यांत तुम्ही लेकराला पोहोचवायचं आणि मोकळ्या महिन्यांत त्याने यायचं, असं वाटून घ्या.

सणांत दिवाळी सगळे लिहितात, पोळा कोणी लिहीत नाही. विदर्भातल्या लेकराचा खरा सण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा. लाकडी नंदी सजवून गल्लीतल्या पोरांबरोबर मिरवायला त्याला बापाच्याच गावात जायचं असतं, कारण तो नंदी तिथल्या माळ्यावर ठेवलेला असतो. पुण्यात त्या दिवशी शाळा असते. हे दोन दिवस बापाकडे लिहून टाका. एक दिवसाची रजा पडेल, पडू द्या. बौद्ध घरांत १४ एप्रिल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे असे वाटा.

फोनबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या यशिता साहू प्रकरणात म्हटलं आहे की, विशेष कारण नसेल तर ताबा नसलेल्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटं लेकराशी बोलता यावं. वेळ ठरवा, उदाहरणार्थ संध्याकाळी साडेसात. बापाच्या गावात रेंज कुठे मिळते ते विचारून वेळ धरा. फोन लावून द्या आणि दुसऱ्या खोलीत जा. पलीकडून "आई कुठे आहे, कोण येतं घरी?" असे प्रश्न येत असतील तर लेकरासमोर बोलू नका, तारीख लिहून ठेवा. लहान लेकरू दोन मिनिटांत पळतं. तो तुमचा कट नाही, हे बापाला आधीच सांगून ठेवा.

प्रवासाचा खर्च हा ठिणगीचा दुसरा विषय. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या लेकरालाही अर्धं. पूर्ण तिकीट २०० रुपये धरा. बाप घ्यायला आला आणि लेकराला घेऊन परत गेला तर २०० + २०० + १००, म्हणजे ५०० रुपये. आई लेकराला सोडून परत आली तर १०० + १०० + १००, म्हणजे ३००. तेव्हा पोहोचवायचं आईने, परत आणायचं बापाने, आणि पोहोचवण्याचा निम्मा खर्च बापाचा, असं मागता येतं. मे महिन्यात दुपारची एसटी धरू नका. पहाटेची गाडी, नाहीतर रात्रीची.

यात या ओळी घालाच : एक तासापेक्षा उशीर झाला तर फोन करायचा, लेकरू आजारी असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी पाठवायची आणि चुकलेली भेट पंधरा दिवसांत भरून द्यायची, शाळेचा निकाल आणि दवाखान्याची बातमी बापाला कळवायची.

लेकरू हाती देताना

जागा दोघांची नसावी. एसटी स्टँडवर गर्दीत नको, सासरच्या ओट्यावर तर नकोच. शाळेचं फाटक, दोघांच्या ओळखीच्या शिक्षकांचं घर किंवा कोर्टाने सांगितलेली जागा बरी. पिशवीत दोन जोड कपडे, रोजचं पांघरूण किंवा बाहुली, औषधं, आणि एक दोनशे पानी वही. वहीत तारीख, वेळ, लेकरू काय जेवलं, ताप आहे का, कोणतं औषध किती वाजता, आणि खाली देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही. परत येताना तीच वही बापाने भरायची. सहा महिन्यांनी कोर्टात ही वही शंभर तोंडी आरोपांपेक्षा भारी ठरते.

लेकराला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल, आणि आपल्या भागात तो बऱ्याच घरांत आहे, तर कार्ड आणि गोळ्या पिशवीत हव्याच. वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहा : पाणी भरपूर, उन्हात किंवा फार थंडीत फिरवायचं नाही, ताप आला किंवा अंग-छाती दुखली तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना, आणि कोणता दवाखाना.

शाळा आणि बाकीचे कागद

शाळा सोडल्याचा दाखला आई मागू शकते. "वडिलांची सही आणा" म्हणून मुख्याध्यापक अडवतात, तेव्हा लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आदेश असेल तर त्याची प्रत जोडा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ५ प्रमाणे दाखला ताबडतोब द्यायचा असतो. सरकारी किंवा अनुदानित शाळेला दाखल्याला उशीर झाला या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. याच कायद्याच्या (आरटीई) पंचवीस टक्के राखीव जागेवर लेकरू शिकत असेल तर ती जागा दाखल्याबरोबर नव्या गावी येईल असं धरू नका. सोडण्याआधी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे विचारा. बाल संगोपन योजनेचे महिन्याचे २२५० रुपये मिळत असतील, तर जिल्हा बदलण्याआधी जुन्या आणि नव्या दोन्ही महिला व बाल विकास कार्यालयांना लेखी कळवा.

कुठे बिनसतं

पोटगी थकली म्हणून आई भेट बंद करते, भेट दिली नाही म्हणून बाप पोटगी बंद करतो. कायद्यात या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत. पोटगीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, तुम्ही आता राहता तिथे अर्ज करता येतो. भेट मात्र चालू ठेवा. आदेश असताना भेटी सतत अडवल्या तर कोर्टाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते आणि ताबा बदलून मागायलाही बापाला तेच कारण मिळतं.

दुसरी चूक पत्त्याची. समन्स जुन्या घरी जातं, भाडेकरू ते परत पाठवतो, आणि तिकडे एकतर्फी आदेश होतो. गाव बदललं की पुढच्याच तारखेला नवा पत्ता कोर्टात लेखी द्या. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस अॅपवर १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसचा स्वतंत्र क्रमांक) टाकून दर आठवड्याला तारीख पाहा. जुन्या कोर्टात येणं-जाणं झेपत नसेल तर केस बदलून मागता येते. राज्यातल्या राज्यात जिल्हा बदलायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली नागपूर खंडपीठात. पण अर्ज केला म्हणजे केस बदलली असं नाही. आदेश येईपर्यंत जुन्या कोर्टाची तारीख चुकवू नका.

आणि सुटीला नेलेलं लेकरू बापाने परत आणलंच नाही तर? त्या दिवशी गावातली माणसं घेऊन तिकडे जाऊ नका. आरडाओरडा झाला की लेकरूच भेदरतं आणि तुमच्यावरही तक्रार होते. ठरलेली वेळ उलटली की मेसेज करा, दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात आदेशाच्या प्रतीसह लेखी अर्ज देऊन पोच घ्या, आणि त्याच आठवड्यात आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज कोर्टात टाका. लेकरू कुठे आहे हेच कळत नसेल तर नागपूर खंडपीठात हेबियस कॉर्पसची (लेकराला कोर्टासमोर हजर करा, अशी मागणी करणारी) याचिका करता येते. दोन-चार महिने वाट पाहत बसलं, तर तिकडच्या शाळेत नाव घातलं जातं आणि लेकरू आता इथेच रुळलंय, असं बापाचा वकील म्हणायला लागतो.